तंबाखूची पारख: चव कोणाची, भाव कोणाचा?

आपल्या इतिहासाच्या कोपऱ्यात आज विषय थोडा वेगळा आहे. घरात आजी-आजोबा ऐकत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवते, की आज बोलायचं आहे तंबाखूबद्दल. ओढा असं सांगायला नव्हे. तिची पारख कशी करतात, आणि त्या पारखीचा पैसा कोणाच्या खिशात गेला, हे सांगायला.

कॅसल हिलच्या दुकानात तंबाखू मागितली तर ती बंद कपाटातून निघते. २०१२ च्या डिसेंबरपासून ऑस्ट्रेलियात सगळ्या पाकिटांचा आणि डब्यांचा रंग एकच, मळकट हिरवट-तपकिरी. वर रोगाचं चित्र, खाली साध्या अक्षरात नाव. असा कायदा जगात सर्वांत आधी याच देशाने केला. डबा काही बोलत नाही म्हटल्यावर पाइप ओढणाऱ्याकडे उरतं ते त्याचं नाक, बोटं आणि जीभ. या मंडळींमध्ये 'व्हर्जिनिया फ्लेक' नावाचा एक जुना प्रकार मानाचा समजला जातो.

फ्लेक म्हणजे काय? व्हर्जिनिया जातीची पानं एकावर एक रचून जबरदस्त दाबाखाली त्यांची वडी करतात. दाब आणि ऊब मिळाली की पानं आतल्या आत मुरतात, लोणचं मुरावं तशी. मग त्या वडीचे पातळ काप काढायचे. डबा उघडल्यावर जाणकार आधी वास घेतो. चांगल्या मालाला वाळलेल्या गवताचा, थोडा सुक्या मेव्यासारखा गोडसर वास येतो. मग काप बोटांत चोळून ओल बघायची. ओल जास्त असली तर पाइप पुन्हा पुन्हा विझतो. पेटवल्यावर सावकाश ओढायचं, कारण या पानात साखर भरपूर असते आणि घाई केली की धूर तापून जीभ पोळते. पहिल्या झुरक्याची गोडी शेवटच्या चिमटीपर्यंत टिकली तर माल उत्तम.

आता ही साखर येते कुठून, ते बघू. हिरव्या पानात पिष्ट असतं. पान बंद कोठीत टांगून नळ्यांमधून उष्णता खेळवली की पान पिवळं पडतं आणि पिष्टाची साखर होते. मग उष्णता वाढवून पान झटकन वाळवायचं, म्हणजे साखर आणि सोनेरी रंग पानात कोंडले जातात. जवळपास आठवडाभराचं काम, आणि कोठीपाशी रात्रंदिवस जागा राहणारा माणूस लागतो. या सोनेरी पानाची एक गोष्ट अमेरिकेत सांगतात. १८३९ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या स्लेड यांच्या शेतावर स्टीफन नावाचा गुलाम लोहार कोठीवर राखणीला होता. त्याला डुलकी लागली, आग विझत आली. जाग आल्यावर त्याने भट्टीवरचा कोळसा घाईने आगीवर टाकला. एकदम उष्णता वाढली आणि पानं कधी नव्हे इतकी पिवळीधमक निघाली. त्या मालाला बाजारात मोठा भाव आला. तो भाव मालकाला मिळाला. स्टीफन गुलामच राहिला.

व्हर्जिनियाच्या तंबाखूचा इतिहास असाच आहे. १६१२ च्या सुमारास जेम्सटाउनला जॉन रॉल्फने वेस्ट इंडिजकडचं बियाणं लावलं, कारण तिथली स्थानिक तंबाखू इंग्रजांच्या जिभेला फार उग्र लागायची. १६१९ मध्ये त्या वसाहतीची पहिली प्रतिनिधी सभा भरली आणि तिने तंबाखूचा भाव ठरवला. उत्तम प्रतीला पौंडामागे ३ शिलिंग, दुय्यम प्रतीला १८ पेन्स. म्हणजे बरोबर निम्मा. तेव्हा प्रत कोण ठरवणार, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून पैशाचा होता. त्याच उन्हाळ्यात आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसंही त्या किनाऱ्यावर उतरवली गेली. पुढे १७३० मध्ये तिथे तपासणीचा कायदा झाला. सरकारी तपासनीस लाकडी पिंप फोडून पान बघायचा, खराब माल जाळायचा आणि चांगल्या मालाची पावती द्यायचा. ती पावती बाजारात नाण्यासारखी चालायची. एका माणसाच्या नजरेची किंमत ती!

आता आपल्या मुलखाकडे येऊ. तंबाखू दख्खनमध्ये आली ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असदबेग विजापूरला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारी गेला होता. उत्तरेत कधी न पाहिलेली ही वस्तू त्याला तिथे सापडली. त्याने ती बरोबर घेतली, रत्नजडित नळी करवली आणि आग्र्याला बादशहापुढे ठेवली. अकबराने दोन-चार झुरके घेतले. हकीम मध्ये पडले. आमच्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही, बादशहांनी हिच्या वाटेला जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं. असदबेगाने वाद घातला, की नवी वस्तू अनुभवानेच कळते, एकाएकी टाकून देऊ नये. अकबराने पुढे ती ओढली नाही, पण सरदारांनी मागणी सुरू केली आणि व्यापारी ती विकू लागले. १६१७ मध्ये जहांगिराने बंदी घातली, तिचा काही उपयोग झाला नाही. म्हणजे हिंदुस्थानातला तंबाखू चाखण्याचा पहिला गाजलेला प्रसंग सुरू होतो तो विजापुरात, आपल्या अगदी शेजारी.

तिथून पश्चिमेला, कोल्हापूरहून बेळगावकडे जाताना लागतं निपाणी. आज ते कर्नाटकात आहे, पण बाजारातली आणि घरातली बोली मराठी. इथली काळी जमीन तंबाखूला मानवली. ही तंबाखू व्हर्जिनिया नव्हे, विडीची. तिला कोठी नाही की भट्टी नाही. ती उन्हात वाळते. पावसाळ्यात रोप लावायचं, शेंडा खुडायचा, बगलेतून फुटलेले कोंब पुन्हा पुन्हा काढायचे, म्हणजे सगळा कस पानांत उतरतो. पानावर तांबूस ठिपके उठले की शेतकरी म्हणणार, पान पिकलं. थंडी सरता सरता कापणी. या पानात साखर कमी आणि तिखटपणा जास्त. टेंभुर्णीच्या पानात चिमूटभर गुंडाळली तरी ती जाणवली पाहिजे, म्हणूनच तिला मागणी.

हिची पारखही हातानेच. आपल्यापैकी अनेकांनी आजोबांना चंचीतून चिमूट काढून चुन्याबरोबर तळहातावर मळताना पाहिलं असेल. व्यापारीही तेच करायचा. मूठभर तंबाखू चोळायची, हुंगायची, आणि मग प्रत सांगायची. फरक एवढाच, की आजोबांनी नाक मुरडलं तर ते दुसऱ्या दुकानात जात. व्यापाऱ्याने नाक मुरडलं तर शेतकऱ्याचं वर्ष जायचं. माल व्यापाऱ्याच्या वखारीत जाऊन पडायचा, पैसे महिनोन्महिने हप्त्याने यायचे, आणि मधल्या काळात 'माल हलका निघाला' म्हणून भाव खाली यायचा. पान पिकवणाऱ्याला पानाची पारख नव्हती असं थोडंच आहे? होती, आणि चांगली होती. पण त्याच्या शब्दाला भाव नव्हता.

वखारीच्या आत आणखी एक जग होतं. तिथे बायका तंबाखू चाळायच्या, निवडायच्या, देठ वेगळे काढायच्या. दिवसभर डोळ्यांत आणि नाकात धूळ. मजुरी तुटपुंजी, वरून देखरेख करणाऱ्यांचा जाच. प्रत्यक्ष प्रती पाडण्याचं काम याच बायकांच्या हातून होत होतं, आणि सगळ्यांत कमी पैसा त्यांच्याच हातावर पडत होता. प्रा. सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मदतीने या बायका संघटित झाल्या. 'युगांतर' या गटाने, ज्यात दिग्दर्शिका दीपा धनराज होत्या, १९८२ मध्ये या बायकांवर त्यांच्याच बोलीत एक माहितीपट केला: 'तंबाखू चाकिला ऊब आली'. आपण मघाशी फ्लेकच्या वडीतली ऊब पाहिली. रचलेली तंबाखू आतून तापते, हे या बायकांना रोजच्या कामातून ठाऊक होतं. त्या वर्षांत तापलेली माणसंही होती.

कारण त्याच्या आदल्याच वर्षी निपाणीचा शेतकरी रस्त्यावर बसला होता. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने त्याआधी कांद्याचा आणि उसाचा प्रश्न धरला होता. १४ मार्च १९८१ ला निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर हजारो तंबाखू उत्पादक ठाण मांडून बसले. बैलगाड्या आणल्या, चुली मांडल्या, बायकापोरं आली. मागणी साधी होती: आमच्या तंबाखूला उत्पादन खर्च भरून निघेल असा भाव द्या. महामार्गावरच एक गाव वसलं. ते २४ दिवस टिकलं. ६ एप्रिलला पोलिसांनी ते उठवलं, धरपकड झाली आणि गोळीबार झाला. बारा शेतकरी गेले. तेव्हा कर्नाटकात मुख्यमंत्री होते गुंडूराव.

आता यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. केंद्र सरकारने १९७५ मध्ये तंबाखू मंडळाचा कायदा केला होता आणि पुढच्या वर्षी गुंटूरला मंडळ सुरू झालं. पण ते मुख्यतः व्हर्जिनिया तंबाखूसाठी, कारण ती परदेशी जाते आणि परकीय चलन आणते. त्या मंडळाने १९८४ पासून कर्नाटकात आणि पुढे आंध्रात उघडे लिलाव सुरू केले. म्हणजे म्हैसूरकडच्या व्हर्जिनिया पिकवणाऱ्याला निदान चारचौघांसमोर बोली लागण्याची सोय झाली. त्याच राज्यातला निपाणीचा विडी-तंबाखूवाला मात्र व्यापाऱ्याच्या मुठीतच राहिला. साहेबाच्या पाइपात जाणाऱ्या पानाला कायदा मिळाला, मजुराच्या विडीत जाणाऱ्या पानाला मिळाला नाही.

लिलाव म्हणजे न्याय, असंही समजू नका. आपण राहतो त्या ऑस्ट्रेलियातही व्हर्जिनिया पिकत होती. क्वीन्सलँडमध्ये मरीबाच्या आसपास आणि व्हिक्टोरियात मर्टलफर्डच्या खोऱ्यात. पिकवणारे बरेचसे इटलीहून आलेले, आपल्यासारखेच परक्या देशात घर मांडणारे लोक. लिलाव होते, पण बोली लावणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांनी पान नको म्हटलं की ते पडून राहायचं. १९६५ मध्ये कोटा आणि किमान भावाची योजना आली, तेव्हा कुठे श्वास मिळाला. पुढे ते संरक्षण काढलं गेलं, आणि २००६ मध्ये मर्टलफर्डच्या तंबाखूचाही शेवट झाला. त्या खोऱ्यातून सहलीला जाल तर उंच, पत्र्याच्या जुन्या कोठ्या अजून दिसतात.

कोणी विचारेल, हे पीक माणसं मारतं, मग त्याच्या भावासाठी एवढा कळवळा कशाला? प्रश्न रास्त आहे. विडी असो की पाइप, तोंडाचा आणि घशाचा कर्करोग दोन्हींतून होतो. फ्लेक महाग आहे म्हणून तिचा धूर सभ्य होत नाही. तंबाखू कमी झाली तर चांगलंच. पण ती कमी करताना ज्याने चारशे वर्षं पान पिकवलं, वाळवलं, चाळलं, त्याच्यावरच सगळा बोजा टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. निपाणीचे बारा जण धुरासाठी मेले नाहीत. आपल्या मालाची प्रत आपल्याला कळते, तर भाव ठरवताना आपल्यालाही विचारा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आपल्या कॅसल हिललाही ही गोष्ट परकी नाही. इथे १८०१ मध्ये सरकारी शेत सुरू झालं. कैद्यांनी झाडं तोडली, जमीन नांगरली, धान्य गेलं सरकारी कोठारात. ४ मार्च १८०४ च्या रात्री तेच कैदी उठले, आणि दुसऱ्या दिवशी गोळ्यांनी ते बंड मोडलं गेलं. हेरिटेज पार्कात मुलांना घेऊन जाल तेव्हा तिथली ही हकिकत त्यांना सांगता. त्याच मार्च महिन्यात निपाणीची हकिकतही सांगा. आणि तुमच्या घरात कोणी निपाणी, चिकोडी, कागल भागातलं असेल, तर १९८१ मध्ये ते कुठे होते, हे त्यांना विचारून ठेवा. ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. विचारायचं ते आत्ताच विचारायला हवं.

आज इथेच थांबते. ऐकत राहा, आणि घरातल्या मोठ्यांना नमस्कार सांगा.