ब्रॅडफर्ड आणि लेस्टर : श्रेय कुणाचे, दोष कुणाचा

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीयांची आणि पाकिस्तान्यांची तुलना आपल्याकडे फार आवडीने केली जाते. तिचा निकाल तुलना सुरू होण्याआधीच लागलेला असतो. दोघे एकाच उपखंडातले, दोघांचा वर्ण एक, दोघे साधारण १९५० ते १९७५ या पंचवीस वर्षांत त्या देशात गेले आणि गोऱ्यांचा दुजाभाव दोघांच्याही वाट्याला आला. तरी एका समाजातून डॉक्टर, औषध दुकानदार, उद्योजक, मंत्री आणि शेवटी पंतप्रधानही निघाला. दुसरा मात्र उत्तर इंग्लंडच्या पडक्या गिरणगावांत टॅक्सी चालवत राहिला. बाकी सगळे समान असेल तर उरतो तो संस्कारांचा, धर्माचा आणि संस्कृतीचा फरक, असे हा युक्तिवाद सांगतो.

पूर्वपक्ष त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडायला हवा, कारण त्याच्यामागे आकडे आहेत. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१८ सालासाठी दिलेल्या आकडेवारीत मधल्या गोऱ्या ब्रिटिश नोकरदाराची तासाची कमाई १२.०३ पौंड होती, भारतीय वंशाच्या नोकरदाराची १३.४७ आणि पाकिस्तानी वंशाच्या नोकरदाराची १० पौंडांच्या घरात. दरी खरी आहे, आणि ती आजची नाही. माझा आक्षेप आहे तो 'बाकी सगळे समान' या गृहीतकावर. बाकी काहीच समान नव्हते.

'भारतीय' या रकान्यात कोण कोण बसते ते आधी पाहू. १९९४ साली ब्रिटनमधल्या अल्पसंख्याक समाजांची एक मोठी राष्ट्रीय पाहणी झाली. तारिक मोदूद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या पाहणीने एक साधी, पण निर्णायक गोष्ट केली: पूर्व आफ्रिकेतून आलेल्या आशियाईंना भारतातून थेट आलेल्यांपासून वेगळे मोजले. तेव्हा चित्र पालटले. आफ्रिकेतून आलेले गोऱ्यांच्या बरोबरीला पोचलेले होते, भारतातून थेट आलेले त्यांच्या मागे होते, आणि पाकिस्तानी व बांगलादेशी कुटुंबांपैकी पाचातल्या चारांहून अधिक कुटुंबांचे उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या निम्म्याहूनही कमी होते. एकाच संस्कृतीचे म्हणून ज्यांचे कौतुक होते त्या भारतीयांमध्येच एवढे अंतर असेल, तर ते संस्कृतीने कसे पडेल? ऋषी सुनक, प्रीती पटेल, सुएला ब्रेव्हरमन ही आपल्याकडे अभिमानाने घेतली जाणारी तिन्ही नावे आफ्रिकेच्या वाटेने आलेल्या घरांतली आहेत. ब्रेव्हरमन यांचे वडील मूळचे गोव्याचे, केनियातून आलेले. सुनक यांचे आजोबा १९३५ साली नैरोबीला गेले ते गुजरांवाल्याहून, आणि गुजरांवाला आज पाकिस्तानात आहे.

युगांडाच्या आशियाईंची कहाणी आपल्याकडे 'नेसत्या वस्त्रानिशी आले आणि शून्यातून विश्व उभे केले' अशी सांगितली जाते. पहिला अर्धा भाग खरा आहे. ४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने त्यांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितले. सुमारे २८ हजार लोक ब्रिटनमध्ये आले. कुटुंबामागे जेमतेम पन्नास-पंचावन्न पौंड बरोबर नेता आले. दुकाने, घरे, मोटारी मागे राहिल्या. लेस्टरच्या नगरपालिकेने तर 'युगांडा आर्गस' या तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन त्यांना आपल्या शहरात येऊ नका असे बजावले. त्यांनी सोसले ते थोडे नव्हते.

पण शून्य म्हणजे काय? अमीनच्या शिपायांना विमानतळावर बांगड्या काढून घेता आल्या. जमाखर्चाचे ज्ञान, इंग्रजीतला पत्रव्यवहार, आयात-निर्यातीचा अनुभव, नैरोबी-कंपालाच्या शाळांतले केंब्रिज परीक्षेचे शिक्षण काढून घेता आले नाही. ही माणसे दोन पिढ्या शहरी मध्यमवर्ग म्हणून जगलेली होती. युगांडाची रेल्वे बांधायला गेलेले बहुतेक मजूर काम संपल्यावर परतले. मागे बाजारपेठ उभी केली ती बहुतांशी स्वतंत्रपणे गेलेल्या व्यापाऱ्यांनी. कच्छच्या अलिदिना विस्रामची दुकाने युगांडाभर पसरलेली होती, नानजी कालिदास मेहता आणि माधवानी यांचे साखर कारखाने होते. या भरभराटीला वसाहती राजवटीची शिडीही होती: वर गोरा, मध्ये आशियाई, खाली आफ्रिकी. जिनिंगचे कारखाने आणि घाऊक व्यापार वरच्या दोघांच्या हाती राहील अशीच ती रचना होती. त्या व्यापाऱ्यांच्या कष्टांना यामुळे कमीपणा येत नाही. ते कष्ट कोणत्या जमिनीवर उभे होते एवढेच यातून कळते.

ब्रिटनमध्ये आल्यावर हेही लोक आधी घसरलेच. १९७६ साली लंडनच्या ग्रनविक या फिल्म धुण्याच्या कारखान्यात जो संप झाला, त्याच्या पुढारी जयाबेन देसाई टांगानिकातून आलेल्या गुजराती गृहिणी होत्या. साडीवर जाड कोट चढवून या बायका फाटकाबाहेर थंडीत उभ्या राहिल्या, त्यांच्या पाठिंब्याला देशभरातून हजारो कामगार आले, आणि तरीही जवळपास दोन वर्षांनी संप हरला. उत्पन्न घसरले होते. घरातली शिक्षणाची सवय घसरली नव्हती. ज्यांचे आईवडील शाळा शिकलेले असतात ती मुले घराची पत एका पिढीत भरून काढतात, याचा अनुभव जगभर आहे.

आता मिरपूर. ब्रिटनमधल्या पाकिस्तान्यांपैकी फार मोठा हिस्सा पाकव्याप्त काश्मीरच्या या एका जिल्ह्यातून आणि त्याच्या आसपासच्या भागातून आलेला आहे, हे आपल्याकडच्या तुलनेत कधी सांगितलेच जात नाही. पीर पंजालच्या पायथ्याचा हा कोरडवाहू मुलूख. पंजाबात कालवे आले, इथे आले नाहीत. झेलमवर नावा हाकून जगणाऱ्यांचा धंदा रेल्वेने बुडवला. मग ते मुंबई आणि कराचीच्या बंदरांत येऊन इंग्रजी आगबोटींवर लागले, तेही डेकवर नव्हे, खाली भट्टीपाशी. मुंबई बंदरातले हे आगवाले कोळसा ओढत इंग्लंडच्या बंदरांपर्यंत पोचले, आणि पुढे गेलेल्या भाऊबंदांची वाट त्यांनीच पाडून ठेवली. त्यात १९६० च्या सिंधू पाणीवाटप करारानंतर मंगला धरण बांधले गेले. १९६७ मध्ये ते पूर्ण झाले तेव्हा जुने मिरपूर शहर आणि शेकडो गावे पाण्याखाली जाऊन लाखभर माणसे उठली होती. कोयनेच्या आणि उजनीच्या खोऱ्यांनी हे पाहिले आहे. धरणग्रस्ताला मोबदला काय मिळतो आणि त्याचा पैसा किती दिवस टिकतो, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

हे शेतकरी ब्रॅडफर्ड, ओल्डहॅम, रॉचडेलच्या गिरण्यांत गेले. गिरणीमालकांनी महागडी नवी यंत्रे आणली होती आणि ती चोवीस तास चालली तरच परवडत होती. बायकांना रात्रपाळीवर ठेवायला कायद्याची आडकाठी होती, गोरा पुरुष त्या पगारात रात्री यायला तयार नव्हता. म्हणून लोकर विंचरण्याच्या खात्यातली रात्रपाळी पाकिस्तानी झाली. पूर्ण पाळी एकाच मुलखातली, इंग्रजी येणारा एखादा मुकादम मध्ये उभा. पंधरा वर्षे काम केलेल्या माणसाला इंग्रजीचे एक वाक्य बोलायची वेळ येत नसे. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत या गिरण्या कोसळल्या. ब्रॅडफर्डची प्रसिद्ध लिस्टर मिल १९९२ मध्ये बंद पडली. पन्नाशीला आलेला, लिहिता न येणारा, एकच काम येणारा हा माणूस कुठे जाणार होता? स्वस्तात घेतलेले चाळवजा घर विकून लंडनच्या बाजूला एक खोलीही आली नसती. टॅक्सी आणि हॉटेल, एवढेच दोन दरवाजे उघडे राहिले.

आणखी एक फरक आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मिरपूरचा माणूस परत जायच्या इराद्याने आला होता. त्याची बचत गावाकडच्या जमिनीत आणि पक्क्या घरात गेली. मिरपुरात आजही माणसांविना उभ्या असलेल्या टोलेजंग कोठ्या हा त्याचा पुरावा. युगांडातून आलेल्याला परतायला गावच नव्हते. त्याने पहिल्या दिवसापासून पैसा टाकला तो इंग्लंडातल्या दुकानात, घरात आणि मुलांच्या शाळेत. काटकसर दोघांकडे होती. पाकिस्तानी बायका ज्याला कमेटी म्हणतात ती आपली भिशीच. एकत्र कुटुंब, भाऊबंदकीतली मदत, दोन वेळच्या जेवणात भागवून पैसा मागे टाकणे, ही 'संस्कृती' ब्रॅडफर्डमध्येही तेवढीच होती. फरक पडला तो हा पैसा कोणत्या देशात मुरला यात.

धर्म हेच कारण असते तर इतरत्र त्याचा प्रत्यय यायला हवा. पूर्व आफ्रिकेतून इस्माईली आणि इस्ना अशरी खोजेही बाहेर पडले. ते मुसलमान आहेत आणि ब्रिटन-कॅनडात व्यापार-व्यवसायांत हिंदू गुजरात्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे आहेत. टांझानियाहून आलेल्या इस्माईली घरातले नाहीद नेन्शी २०१० ते २०२१ अशी अकरा वर्षे कॅलगरीचे महापौर होते. अमेरिकेतल्या पाकिस्तानी कुटुंबांचे मध्यम उत्पन्न तिथल्या राष्ट्रीय पातळीहून वरचे आहे, कारण १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेने पाकिस्तानातून डॉक्टर आणि इंजिनियर निवडून घेतले, जसे भारतातून घेतले. उलट बाजूने पाहा: पंजाबच्या दोआबातले शीख शेतकरी मध्य इंग्लंडमधल्या ब्लॅक कंट्रीच्या ओतकामाच्या भट्ट्यांत आणि साउथॉलच्या रबर कारखान्यात लागले, आणि त्या कामाची आणि त्या कामाच्या अंताची झळ त्यांनाही बसली. आजची भारतीय सरासरी वर उचलली आहे ती बऱ्याच अंशी गेल्या पंचवीस वर्षांत व्हिसाच्या चाळणीतून गेलेल्या पदवीधरांनी. त्यांत पुण्या-मुंबईचे आयटीवाले आणि डॉक्टर पुष्कळ आहेत. चाळणीने वर ठेवलेल्यांची कर्तबगारी त्या चाळणीसकट मोजायची असते.

मराठी वाचकाला हे पटायला अवघड जाऊ नये. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले आणि त्यांतल्या पुष्कळांना कामावर परत जाताच आले नाही. लालबाग-परळच्या पोरांचे पुढच्या दहा वर्षांत काय झाले, त्यातली किती टपरीवर आणि किती टोळ्यांत गेली, हे आपण डोळ्यांनी पाहिले. त्या वेळी कोकणी संस्कृतीतच खोट आहे असे म्हणणाऱ्याला आपण दारात उभे केले नसते. ब्रॅडफर्डच्या पोराला मात्र आपण तेच म्हणतो, आणि तेही अभ्यासाचा आव आणून.

यावर दोन आक्षेप येतात आणि ते टाळण्यासारखे नाहीत. पाकिस्तानी घरांतल्या बायका नोकरीत कमी, आणि चुलत-मावस भावंडांत लग्ने फार. दोन्ही खरे आहे आणि दोन्हींचा उत्पन्नावर आणि आरोग्यावर परिणाम होतो. घरात एकच कमावता असला की घर मागे पडते. आणि दर पिढीत गावाकडून नवरा किंवा नवरी आणली तर दर पिढीत घरातले एक माणूस इंग्रजीची मुळाक्षरे गिरवत राहते. ही त्या समाजाने स्वतःहून सोडवायची गाठ आहे आणि तिच्याबद्दल बोलणाऱ्या तिथल्या बायकांच्या बाजूने मी उभा आहे. पण या प्रथांना धर्माचा अटळ धर्म मानणे चूक आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या 'बॉर्न इन ब्रॅडफर्ड' या अभ्यासात पाकिस्तानी वंशाच्या सुमारे साठ टक्के आयांचे लग्न नात्यात झालेले होते; साधारण दहा वर्षांनी घेतलेल्या दुसऱ्या गटात ते प्रमाण निम्म्याच्या खाली आले. धर्म तोच होता. मुली जास्त शिकल्या, गावाकडून जोडीदार आणण्याचे नियम कडक झाले, आणि प्रथा हलली.

शेवटची कसोटी लंडनच्या टॉवर हॅम्लेट्सची. तिथले बांगलादेशी बहुतांशी सिल्हेटचे: मिरपूरसारखेच शेतकरी, मिरपूरसारखेच आधी आगबोटींवरचे खलाशी, धर्माने मुसलमान, आणि आले तेही मिरपुरींच्या मागून. १९९७ मध्ये इंग्लंडच्या १४९ शिक्षण प्राधिकरणांच्या यादीत टॉवर हॅम्लेट्स १४९ वे होते. मग शाळांवर पैसा आणि चांगले शिक्षक आले, २००३ पासून लंडनच्या शाळा सुधारण्याची मोहीम आली, आणि पुढच्या दशकभरात या भागाचे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेचे निकाल राष्ट्रीय सरासरीच्या वर गेले. आज इंग्लंडभरातली बांगलादेशी मुले त्या परीक्षेत गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या पुढे आहेत. २०१८ च्या कमाईच्या आकड्यांत बांगलादेशी अजून तळाला होते, ९.६० पौंडांवर, पण ब्रिटनमध्ये जन्मलेल्यांपुरते पाहिले तर अंतर पुष्कळ कमी होते. या मुलांच्या घरची भाषा, मशीद, जेवण, लग्नाच्या रीती १९९७ मध्ये होत्या त्याच होत्या. शाळा बदलली होती, आणि कॅनरी व्हार्फ या वित्तकेंद्रातल्या नोकऱ्या चालत जाण्याच्या अंतरावर आल्या होत्या. ब्रॅडफर्डमध्ये गिरण्या गेल्यावर तशा नोकऱ्या आल्या नाहीत.