गोंयचो सायब आणि १५४६ चे पत्र : एक थ्रेड

जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेत सेंट फ्रान्सिस झेविअरचे शव आहे. दर दहा वर्षांनी होणाऱ्या शवप्रदर्शनाला लाखो लोक येतात, आणि त्यांत हिंदूंची संख्याही मोठी असते. गोमंतकीय त्याला प्रेमाने ‘गोंयचो सायब’ म्हणतात. त्याने लिहिलेल्या एका पत्राविषयी आज लिहावयाचे आहे.

१६ मे १५४६. आजच्या इंडोनेशियातील अंबोइना बेटावरून झेविअरने पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव यास पत्र पाठविले. त्यात दोन गरजा मांडल्या होत्या. पहिली धर्मोपदेशकांची. दुसरी इन्क्विझिशनची. कारण दिले ते असे की भारतातील पोर्तुगीज वसाहतींत मोशेच्या आणि मुहंमदाच्या धर्मशास्त्राप्रमाणे वागणारे पुष्कळ लोक आहेत आणि त्यांना ना देवाचे भय, ना जनांची लाज.

मोशेच्या धर्मशास्त्राप्रमाणे वागणारे हे लोक कोण? १४९२ मध्ये स्पेनने यहुद्यांना हाकलले. त्यांतील अनेक पोर्तुगालमध्ये आले. तेथे १४९७ मध्ये त्यांचा बळजबरीने बाप्तिस्मा झाला. हे ‘नवख्रिस्ती’. १५०६ मध्ये लिस्बनच्या जमावाने त्यांची कत्तल केली. १५३६ मध्ये पोर्तुगालात इन्क्विझिशन आले. ज्यांनी स्वेच्छेने ख्रिस्ती धर्म स्वीकारलाच नव्हता, त्यांना शनिवार पाळला किंवा डुकराचे मांस टाळले म्हणून ‘धर्मद्रोही’ ठरविण्याचे हे यंत्र होते. काहीजण जीव मुठीत धरून गोव्यापर्यंत आले.

झेविअरला हे यंत्र ठाऊक नव्हते काय? भारतात येण्यापूर्वी, १५४० मध्ये, तो लिस्बनला होता. इन्क्विझिशनच्या कैद्यांना धर्मोपदेश करण्याचे काम त्याच्याकडे आले होते आणि तो रोज त्यांना भेटत असे, हे त्यानेच लिहून ठेवले आहे. कोठडीतल्या माणसांचे चेहरे पाहिलेल्या माणसाने सहा वर्षांनी ही मागणी केली. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब हीच.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मोत्यांच्या मच्छीमारीच्या किनाऱ्यावरील परवरांसाठी त्याने हालअपेष्टा सोसल्या. पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लुबाडणुकीविरुद्ध त्याने राजाला खडसावून लिहिले. यहुदी वंशाचा हेन्रिक हेन्रिकेस हा जेझुइट त्याचा विश्वासू सहकारी होता. म्हणजे झेविअरचा रोष रक्तावर नव्हता, श्रद्धेवर होता. पण ज्याच्या घरात गुपचूप प्रार्थना चालत होती, त्याच्या दृष्टीने हा भेद कितीसा उपयोगाचा?

‘त्याने गोव्यात इन्क्विझिशन स्थापिले’ हे विधान मात्र चूक. तो ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळ वारला. न्यायालय आले १५६० मध्ये. शिवाय जेरोनिमो दियास या नवख्रिस्ती वैद्याला गोव्यात १५४३ मध्येच, म्हणजे पत्राच्या तीन वर्षे आधी, जाळण्यात आले होते. मागणी करणारा तो एकटाही नव्हता. (आणि आजच्या एखाद्या गोमंतकीय ख्रिस्ती शेजाऱ्याकडे या पत्राचा जाब मागणे, हाही त्याच जातीचा अन्याय.)

‘तो काळच तसा होता’ हे वाक्य आपण फार लवकर उच्चारतो. त्याच काळात गार्सिया द ओर्ताही गोव्यात राहत होता. स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या यहुदी मातापित्यांचा हा मुलगा १५३४ मध्ये मार्तिम अफोन्सो द सौझा याच्या ताफ्यातून भारतात आला. हाच सौझा पुढे गव्हर्नर झाला आणि १५४२ मध्ये झेविअरला आपल्याबरोबर गोव्यास घेऊन आला! ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य होता. मुंबईचे बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. येथल्या औषधी वनस्पतींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात तो हिंदू आणि मुसलमान वैद्यांचे म्हणणे ऐकतो, युरोपीय ग्रंथांच्या चुका दाखवितो.

१५६८ मध्ये ओर्ता वारला. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १५६९ रोजी, त्याची बहीण कातारिना हिला यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जिवंत जाळण्यात आले. नातलगांच्या जबाबांवरून ओर्ताही मरणोत्तर दोषी ठरला. १५८० मध्ये त्याची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळण्यात आली.

पुढील दोन शतकांत या न्यायालयाचा रोख मुख्यतः हिंदूंमधून ख्रिस्ती झालेल्यांकडे वळला. तुळस, धोतर, लग्नातले विधी, सारेच गुन्ह्यांच्या यादीत आले. ते कायमचे बंद झाले १८१२ मध्ये.

झेविअरला १६२२ मध्ये संतपद मिळाले. पणजीत चर्चसमोर जी बाग आहे, तिला गार्सिया द ओर्ताचे नाव आहे. तेथून बॉम जेझू साधारण दहा किलोमीटरवर. पुढच्या गोवा सहलीत दोन्ही ठिकाणी जा, आणि त्याच क्रमाने जा.