द्राक्षरसातील जमाव

उजनी धरणाचे काम १९६६ साली सुरू झाले व १९८० साली पुरे झाले. भीमाकाठची कितीतरी गावे पाण्याखाली गेली. वर सरकलेल्या गावांच्या ज्वारीच्या रानात ऊस आला, उसामागे साखर कारखाने आले आणि कारखान्यांमागे कामगारांच्या सभा भरविणारे आम्ही आलो. ‘यीस्ट’ हा शब्द आम्ही प्रथम ऐकला तो मळीच्या टाक्यांवर पाळी करणाऱ्या कामगारांच्या तोंडून. त्या टाकीत निवडलेले यीस्ट सोडतात. परके शिरले की उतारा घटतो.

द्राक्षाच्या रसाची गोष्ट निराळी. धड सालीवर नाना जातींचे रानटी यीस्ट असते. वाइन पुरी करणारे सॅकरोमायसीस तेथे जवळजवळ नसतेच. पहिले काही दिवस राबतात ते हान्सेनियास्पोरासारखे. मद्यार्क चार-पाच टक्क्यांवर गेला की ते मागे पडतात आणि सॅकरोमायसीस टाकी ताब्यात घेते. डेन्मार्कमध्ये हान्सेन यांनी १८८३ साली बिअरचे यीस्ट एका पेशीपासून शुद्ध वाढविले. १८९० च्या सुमारास म्यूलर-थुर्गाऊ यांनी तीच रीत वाइनला लावली. वाइन बिघडण्याचे प्रमाण त्याने घटले, हे मान्य केलेच पाहिजे. पण पहिल्या पाळीच्या मजुरांना तेव्हापासून उपद्रवी ठरविण्यात आले.

ते मरतात कशाने? मद्यार्काने, असे पुष्कळ काळ समजत. आम्हीही तसेच समजत होतो. १९६३ साली असे आढळले की काही यीस्ट विष सोडून शेजाऱ्यास मारतात. २००३ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी दाखविले, की रसात अन्न शिल्लक असतानाही सॅकरोमायसीसच्या जिवंत पेशींची दाटी अंगाला भिडली की इतर काही जातींची वाढ थांबते. संख्याबळ म्हणजे काय, हे आम्हास कोणी शिकवावयास नको!

आता उलट वारा आहे. रानटी जातींतील निवडक यीस्ट आधी घालून सॅकरोमायसीस मागाहून सोडतात. लाकान्सिया नावाची एक जात लॅक्टिक आम्ल तयार करते. उन्हाच्या मुलखात द्राक्षाची आंबट चव लवकर उतरते, तेथे तिचा उपयोग. आमच्या माळशिरस तालुक्यात अकलूजच्या आसपास इटालियन भागीदारीने वाइनच्या द्राक्षांचे मळे उभे राहिले. सोलापुरी ऊन तेथेही तेच.

पुण्याच्या संशोधकांनी भारतातील वाइनच्या सहा वाणांच्या द्राक्षांवरील यीस्ट तपासून २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अकरा जाती सापडल्या. त्यांतील कँडिडा अझायमा ही एरवी उसाच्या पानावर राहणारी. ऊस काढून द्राक्ष लावल्यामुळे ती तेथे आली असावी, असा त्यांचा तर्क. ऊस मोडला, मांडव उभा राहिला, तरी उसाच्या पानावरची ही वस्ती मुकाट्याने द्राक्षाच्या सालीवर येऊन बसली. आणि तोडणीच्या पाटीतून ती घडांबरोबर टाकीपर्यंत जाते.