पेशी : रचना व कार्य (चिंचेच्या वृक्षाच्या आधारे)

पेशी हा सजीवाच्या शरीररचनेचा व कार्याचा मूलभूत घटक असून, पटलाने वेढलेल्या या सूक्ष्म घटकात ऊर्जा मिळविणे, प्रथिने घडविणे, द्रव्ये साठविणे आणि विभाजनाने आपल्यासारखी दुसरी पेशी निर्माण करणे ही जीवनाची मूलभूत कामे चालतात. महाराष्ट्रातील शालेय पुस्तकांत ‘पेशी’ ही संज्ञा रूढ आहे, तर मराठी विश्वकोशात ‘कोशिका’ ही संज्ञाही आढळते. भोपाळमध्ये हिंदी माध्यमातून शिकणाऱ्या मराठी मुलांना ‘कोशिका’ हाच शब्द भेटतो. शिवाय हिंदीत ‘पेशी’ हा शब्द ‘मांसपेशी’ या रूपाने स्नायूसाठी वापरला जात असल्यामुळे दोन्ही भाषांतील पुस्तके वाचणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

भोपाळमधील चार इमली या शासकीय निवासस्थानांच्या वसाहतीच्या नावातच चार चिंचा आहेत. चिंच (शास्त्रीय नाव टॅमॅरिंडस इंडिका) हा शिंबावंत कुलातील वृक्ष मूळचा उष्ण कटिबंधीय आफ्रिकेतील असून भारतात तो फार पूर्वीपासून रुजलेला आहे. पेशीचे जे घटक एरवी सूक्ष्मदर्शकाशिवाय कळत नाहीत, त्यांच्यापैकी कित्येकांचे कार्य या वृक्षात जिभेला, डोळ्याला व हाताला जाणवते. म्हणून वनस्पतिपेशीच्या अभ्यासासाठी तो उत्तम आधार ठरतो.

पेशीसिद्धांत : रॉबर्ट हूक यांनी 1665 मध्ये बुचाच्या पातळ कापात दिसलेल्या रिकाम्या कप्प्यांचे वर्णन केले, रॉबर्ट ब्राउन यांनी 1831 मध्ये वनस्पतिपेशींतील केंद्रक ओळखले आणि श्लायडेन (1838) व श्वान (1839) यांनी अनुक्रमे वनस्पती व प्राणी पेशींचेच बनलेले असतात, असे प्रतिपादन केले. नवी पेशी आधीच्या पेशीपासूनच निर्माण होते, हे तत्त्व रूडॉल्फ फिरखो यांनी 1855 मध्ये ठामपणे मांडले.

केंद्रक व पेशीद्रव्य : वनस्पतिपेशींचा आकार सामान्यतः 10 ते 100 मायक्रोमीटर असतो. केंद्रकात आनुवंशिक माहिती धारण करणारी गुणसूत्रे असतात. चिंचेच्या शरीरपेशीत त्यांची संख्या 24 आहे. केंद्रकातील माहितीची प्रत घेऊन बाहेर पडणाऱ्या आरएनए रेणूंच्या आधारे रायबोसोम हे कण प्रथिने बांधतात; त्यांपैकी काही प्रथिने आंतर्द्रव्यजालिका या पटलांच्या जाळ्यातून गॉल्जीपिंडाकडे जातात आणि तेथे त्यांची वर्गवारी होऊन ती योग्य ठिकाणी पोचविली जातात. तंतुकणिका शर्करेच्या ऑक्सिडीकरणातून मुक्त होणारी ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा एटीपी रेणूंच्या रूपात साठवितात, तर पानांतील हरितलवके सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने कार्बन डाय-ऑक्साइड व पाण्यापासून ती शर्करा तयार करतात.

रिक्तिका : पक्व वनस्पतिपेशीचा फार मोठा भाग, काही वेळा सुमारे 90 टक्के, एकाच मोठ्या रिक्तिकेने व्यापलेला असतो. पेशीद्रव्य जवळजवळ उदासीन राहणे पेशीच्या जगण्यासाठी आवश्यक असते. म्हणून रिक्तिकेच्या पटलातील प्रथिने ऊर्जा खर्चून हायड्रोजन आयन आत ढकलतात आणि अम्ले रिक्तिकेत बंदिस्त राहतात. चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक अम्लाचा असून गरात त्याचे प्रमाण सुमारे 8 ते 18 टक्के असते. बहुतेक फळे पिकताना त्यांतील अम्ल कमी होते. चिंचेत मात्र शर्करा वाढली तरी अम्ल फारसे घटत नाही आणि पाणी कमी होऊन गर टरफलापासून सुटतो, म्हणूनच गाभुळलेली चिंच आंबट व गोड एकाच वेळी लागते. कच्च्या चिंचेचा चावा घेताच दात आंबतात, कारण एरवी पटलाआड असलेले अम्ल पेशी फुटल्याबरोबर बाहेर येते.

पेशीपटल व पानांची हालचाल : पेशीपटल हे सुमारे 7 ते 10 नॅनोमीटर जाडीचे, मेदरेणूंच्या दुहेरी थराचे व त्यात बसलेल्या प्रथिनांचे आवरण असून कोणते द्रव्य आत यावे व कोणते बाहेर जावे, याचे नियंत्रण ते करते. चिंचेच्या पर्णिका सायंकाळी मिटतात व सकाळी उघडतात. प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी असलेल्या फुगीर सांध्याच्या (पुलवृंताच्या) एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम आयन बाहेर पडले, की त्यांच्यामागोमाग पाणीही जाते आणि त्या पेशी सैल पडतात. त्याच वेळी विरुद्ध बाजूच्या पेशी फुगतात आणि पर्णिका वळते. सिकंदराच्या मोहिमेतील अँड्रॉस्थिनीस याने इसवी सनपूर्व चौथ्या शतकात टायलॉस (आजचे बहारीन) बेटावरील एका वृक्षाच्या पानांची अशी हालचाल नोंदविली असून तो वृक्ष चिंच होता, असे मानले जाते. लाजाळूसारख्या वनस्पतीची पाने अंधारात ठेवली तरी हा क्रम पाळतात, असे द मेराँ यांनी 1729 मध्ये दाखविले. पेशींमध्ये अंतर्गत कालमापन यंत्रणा असते, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले.

पेशीभित्तिका : प्राणिपेशीत नसलेले हे बाह्य आवरण मुख्यतः सेल्युलोजच्या तंतूंचे असते. खोडातील जलवाहक पेशींच्या भित्तिकांवर लिग्निन साचते व त्या पेशी मृत झाल्यावरही भित्तिका टिकून राहतात. चिंचेचे कठीण लाकूड तेलाचे घाणे व मुसळे यांसाठी वापरले जाते, ते याच कारणाने. सेल्युलोजच्या तंतूंना झायलोग्लुकन ही बहुशर्करा जोडून धरते. चिंचोक्याच्या बीजदलांतील पेशींच्या जाड भित्तिकांत तिचा मोठा साठा असतो. पाण्यात शिजविल्यावर ती चिकट होते; घोंगडीला दिली जाणारी चिंचोक्याची खळ म्हणजे या भित्तिकांतील द्रव्यच होय.

पेशीविभाजन : चिंचोका रुजताना विकरे भित्तिकांतील झायलोग्लुकन विघटित करतात आणि मिळालेल्या शर्करेवर अंकुराच्या पेशी वाढतात. प्रत्येक विभाजनापूर्वी 24 गुणसूत्रांची प्रत तयार होऊन दोन्ही नव्या पेशींना पूर्ण संच मिळतो. मूळ, पान, लाकूड व गर यांच्या पेशींत माहिती एकच असते. तिच्यातील कोणता भाग वापरला जातो, यावर पेशीचे रूप व काम ठरते. फिरखो यांचे तत्त्व चिंचेला लावले, तर भोपाळमधील झाडाची प्रत्येक जिवंत पेशी आधीच्या पेशीपासून, ती तिच्याही आधीच्या पेशीपासून, अशी न तुटलेल्या विभाजनांची व बीजांची परंपरा आफ्रिकेतील मूळ वृक्षांपर्यंत जाऊन पोचते.