मृत भावंडाचा हिस्सा (सामायिक मालमत्ता)

सामायिक सातबाऱ्यावरील भाऊ वारला, की त्याचा वाटा आपोआप उरलेल्या भावांकडे येतो, हा समज चुकीचा आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार मृत्युपत्र नसल्यास विधवा, मुलगे, मुली व आई हे पहिल्या वर्गातील प्रमुख वारस. पहिल्या वर्गातील कोणीच नसेल आणि वडीलही हयात नसतील, तरच भावाबहिणींची पाळी येते. गडचांदूर (ता. कोरपना, जि. चंद्रपूर) परिसरातील गोंड, कोलाम या अनुसूचित जमातींना हा अधिनियम लागू नाही; त्यांच्यात रूढी पाहावी लागते. वारसांनी ३ महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. नोंद गाव नमुना ६-क मध्ये, पुढे फेरफारात होते. फेरफाराने मालकी मात्र ठरत नाही. वाद दिवाणी न्यायालयात जातो. हक्क सोडायचा असल्यास नोंदणीकृत हक्कसोडपत्रच हवे, तोंडी कबुली पुरत नाही.