जीपवरची तोफ आणि चाकांची रेघ

जैसलमेरहून रामगडमार्गे लोंगेवाल्याला गेलात, की स्मारकाच्या आवारात एक जीप दिसते. पाठीवर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ. लोक तोफेबरोबर फोटो काढतात. मी ईएमईचा मेकॅनिक, त्यामुळे माझी नजर आधी पुढच्या चाकांवर जाते.

विलीस जीप १९४१ ची. महायुद्धानंतर महिंद्रांनी मुंबईत तिची जोडणी सुरू केली आणि आपल्या फौजेत ती घरचीच झाली. पण मूळची ती पाव टनाची गाडी. माणसं, वायरलेस, थोडं सामान एवढ्यासाठी. १०६ ची तोफच दोनशे किलोंच्या वर. एकेक गोळा सोळा-सतरा किलोचा. सहा गोळे धरले तरी तीनशे किलो झाले, वर क्रू वेगळा. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरणजवळ ४ ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद पॅटन रणगाड्यांना सामोरे गेले ते अशाच जीपवरून. १९७१ च्या ४-५ डिसेंबरच्या रात्री लोंगेवाल्यात मेजर चांदपुरींच्या कंपनीकडेही जीपवरची तोफ होती. पराक्रम आपण वाचतो. त्या ओझ्याखाली गाडी कशी वागते, हे ड्रायव्हरलाच ठाऊक असतं.

सायकलचा पुढचा फोर्क मागे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. जीपच्या किंगपिनलाही असाच थोडा कल दिलेला असतो. त्याला कॅस्टर म्हणतात. मागे ओझं आलं की शेपटी दबते, नाक वर होतं, कॅस्टर वाढतो आणि स्टिअरिंग जड होतं. शेपटी वर गेली तर उलट. कॅस्टर कमी होतो, गाडी रस्ता धरत नाही, वेगात पुढची चाकं थरथरू लागतात. टो-इन म्हणजे दोन्ही चाकांची तोंडं किंचित आत असणं. ते वेगळं, आणि टाय रॉड फिरवून लावता येतं. सलग अ‍ॅक्सल आणि कमानपाट्यांच्या गाडीत कॅस्टर लावायला मात्र कुठेही नट नसतो. पाटे आणि चासी जसे बसतील तसा तो.

हे मला पुस्तकातून नाही, एका अपघातातून समजलं.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस आमची युनिट याच वाळवंटात होती. जबलपूरला बनलेली जोंगा, म्हणजे मूळची निसान पॅट्रोल, आमच्याकडे होती. तिच्यात पाण्याच्या टाक्या बसवायच्या ठरल्या. मागे गाडी बसत होती म्हणून मी दोन्ही बाजूंना जादा पाटे घातले. टाक्या भरून गाडी चालवून बघितली, सुतासारखी सरळ. टायरवर खडूची रेघ मारून टो-इन मोजलं, तेही बरोबर. ‘गाडी ठीक’ असं लिहून सही केली.

आठवड्याने पोस्टवर पाणी देऊन परतताना ती डांबरी रस्त्यावरून उडून वाळूत कलंडली. शेजारी बसलेल्या जवानाचं गळ्याचं हाड मोडलं. ड्रायव्हर विशीतला, बिहारचा पोरगा. तो एकच सांगत होता, “साहब, स्टिअरिंग हाथ में नाचने लगा.” कुणी ऐकेना. वेगात चालवली असणार, असं सगळ्यांनी धरलं. मीही.

आमचे हवालदार मेजर सातारकडचे, आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. त्यांनी गाडी सपाट जागेवर उभी करून टाक्या काढायला लावल्या आणि चासीची उंची पुढे-मागे टेपने मोजली. मागची बाजू पूर्वीपेक्षा तीन इंच वर. सव्वादोन मीटरच्या व्हीलबेसवर तीन इंच म्हणजे जवळजवळ दोन अंश. मुळात कॅस्टरच दोन-तीन अंशांचा, मग उरलं काय?

“भरलेली गाडी तपासलीस,” ते म्हणाले, “रिकामी कुणी तपासायची? आता इन्क्वायरीत काय सांगणार, ते तू ठरव.”

मी रात्रभर झोपलो नाही. सकाळी जबाबात पाटे मी घातल्याचं आणि रिकामी गाडी न तपासल्याचं सांगितलं. पोरगा सुटला, मला रेप्रिमंड मिळाली. पुढे आम्ही मागचा एक पाटा कमी केला, पुढच्या अ‍ॅक्सलवर लोखंडी पाचर बसवून कॅस्टर परत आणला आणि गाडी दोनदा चालवून बघितली, भरलेली आणि रिकामी.

फौजेतून निघालेल्या जिप्सी आणि जोंगा घेऊन हौसेने उंच करणारे बरेच मित्र हे वाचतात. त्यांना एवढंच सांगणं: शॅकल किंवा पाटे बदलले की टो-इनवर थांबू नका, कॅस्टर मोजून घ्या. आणि ड्रायव्हर काही सांगत असेल तर आधी गाडी बघा, मग त्याला बोला.

लोंगेवाल्याच्या त्या जीपपाशी मी अजूनही दोन मिनिटं थांबतो. तोफ चालवणाऱ्यांना सलाम असतोच, पण अंधारात, वाळूत ती गाडी सरळ धरणाऱ्यांनाही एक.

जय हिंद.