पाळण्यातील पाय : बालविकासाच्या काळजीचा इतिहास

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण आपल्याकडे बहुधा कौतुकानेच उच्चारली जाते. मूल लवकर पाऊल टाकू लागले, चार शब्द स्पष्ट बोलू लागले, की घरातील वडीलधारी मंडळी ती हटकून काढतात. परंतु तेच पाऊल लांबले, वर्ष उलटूनही मूल हाकेला वळून पाहत नसले, म्हणजे मात्र त्या म्हणीचा सर्वांसच विसर पडतो. 'त्याचे वडीलही उशिराच बोलू लागले', 'मुलगे जरा मागेच असतात', 'होईल हळूहळू' अशी वाक्ये मग घराघरांतून ऐकू येतात. ती मायेने बोललेली असतात, आणि कित्येकदा खरीही ठरतात. पण ज्या घरी ती खरी ठरत नाहीत, त्या घरची दोन-तीन वर्षे त्यांच्या आधारावर निघून जातात आणि ती परत मिळत नाहीत. या वर्षांचे मोल जगाला कसे कळत गेले, त्याचा वृत्तांत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. हा वस्तुतः एका प्रश्नाचा इतिहास आहे. मागे पडलेल्या मुलाकडे पाहून 'हे असेच राहणार' असे म्हणावयाचे, की 'आता काय करता येईल' असे विचारावयाचे?

हा प्रश्न जगापुढे स्पष्टपणे आला तो फ्रान्स देशात. इ. स. १८०० च्या जानेवारीत आव्हेरों प्रांतातील सँ-सेर्नँ या गावी अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा लोकांच्या हाती लागला. तो रानात एकटाच राहिलेला होता. त्यास भाषा ठाऊक नव्हती, आणि वस्त्राचे किंवा माणसांच्या सहवासाचे त्यास काहीच अगत्य नव्हते. त्याच वर्षी त्यास पॅरिसच्या मूकबधिर-विद्यालयात आणण्यात आले. मनोरुग्णांस माणुसकीने वागवावे असा आग्रह धरणारा फिलिप पिनेल हा त्या काळचा मोठा वैद्य. त्याने मुलाची परीक्षा केली आणि हा जन्मतःच बुद्धिहीन असून सुधारण्याची आशा नाही, असा अभिप्राय दिला. पिनेल हा निर्दय माणूस नव्हता. उलट त्या शास्त्रातील सर्वांत दयाळू मनुष्य तोच म्हणावा लागेल. तरीही त्याची दृष्टी 'हे असेच राहणार' यापलीकडे गेली नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्याच विद्यालयात ज्याँ इटार नावाचा सव्वीस वर्षांचा डॉक्टर होता. त्याने हा अभिप्राय मानला नाही. माणसांवाचून वाढल्यामुळे मूल असे झाले असेल, तर माणसांत ठेवून त्यास शिकविता आले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. त्याने मुलाचे नाव व्हिक्टर ठेविले आणि सुमारे पाच वर्षे त्याच्यावर मेहनत घेतली. आधी ऊन पाण्याने, चोळण्याने त्वचेची जाणीव जागी करावयाची. मग डोळा, कान आणि जीभ यांस भेद ओळखावयास शिकवावयाचे. मग वस्तू व तिचे नाव यांची जोड घालावयाची, असा त्याचा क्रम होता. १८०१ व १८०६ या साली त्याने दोन अहवाल लिहिले. व्हिक्टर काही लेखी शब्द ओळखू लागला, सांगितलेली वस्तू आणू लागला, माणसांवर जीव लावू लागला. परंतु बोलणे त्यास अखेरपर्यंत आले नाही. त्याच्यात मूळचेच काही व्यंग होते की काय, याविषयी विद्वानांत अद्यापि एकमत नाही.

इटारला स्वतःला हे बहुतांशी अपयश वाटले. तथापि त्याच्या अहवालांतून दोन गोष्टी हाती लागल्या. पहिली ही, की ज्या मुलाविषयी सर्वांनी हात टेकले, तेही योग्य पायऱ्यांनी शिकविल्यास पुढे सरकते. दुसरी अशी, की या साऱ्या कामात पदोपदी मादाम गेराँ या बाईंचा हात होता. मुलाचे खाणेपिणे, फिरणे, त्याची रड, त्याचा राग हे सर्व त्या पाहत. इटारने धडे थांबविल्यावरही व्हिक्टर त्यांच्याजवळच राहिला आणि १८२८ मध्ये त्याचा अंत झाला. धडे दिवसातून घटका-दोन घटका चालतात. मूल वाढते ते उरलेल्या वेळात, आणि तो वेळ घरच्या माणसाच्या हाती असतो.

इटारचा वारसा एदुआर सेगँ याने चालविला. १८३७ मध्ये त्याने इटारच्याच मार्गदर्शनाखाली एका मुलास शिकविण्यास आरंभ केला, आणि पुढे पॅरिसच्या बिसेत्र येथील आश्रयस्थानात टाकून दिलेल्या मुलांमध्ये काम केले. सेगँचा भर प्रथम हातापायांवर होता. चढणे, तोल सांभाळणे, गुंड्या घालणे, बोटांनी लहान वस्तू उचलणे यांतून मन जागे होते, असे तो मानीत असे. १८५० च्या सुमारास तो अमेरिकेत गेला आणि १८६६ मध्ये त्याने आपली पद्धत इंग्रजी ग्रंथात मांडली. त्याच्या प्रेरणेने तेथे अनेक संस्था निघाल्या. परंतु एकोणिसावे शतक संपत आले तसा त्यांतील शिकविण्याचा हेतू मागे पडला आणि त्या मुलांस आयुष्यभर कोंडून ठेवण्याच्या जागा बनल्या. आशा एकदा मिळाली म्हणजे ती टिकतेच असे नाही.

ती टिकविली रोमच्या एका तरुण स्त्रीने. १८९६ साली डॉक्टर झालेल्या मारिया माँटेसोरी वेड्यांच्या इस्पितळात जात, तेव्हा तेथे मोठ्या माणसांबरोबर ठेवलेली 'मंद' म्हटली जाणारी मुले त्यांच्या दृष्टीस पडली. या मुलांचा प्रश्न औषधापेक्षा शिक्षणाचा आहे, असे त्यांस वाटू लागले. इटार व सेगँ यांचे लिखाण त्यांनी स्वतःच्या हाताने इटालियन भाषेत उतरून काढले. १९०० मध्ये रोम येथे अशा मुलांसाठी निघालेल्या शाळेच्या त्या एक संचालिका झाल्या. तेथील काही मुले साधारण मुलांच्या सरकारी परीक्षेत उत्तीर्ण झाली, तेव्हा साऱ्यांनी आश्चर्य केले. माँटेसोरीबाईंस मात्र निराळाच प्रश्न पडला : निरोगी मुलांच्या शाळा इतक्या मागे का, की ही मुले त्यांची बरोबरी करू शकतात? त्यातूनच ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो वस्तीत त्यांचे पहिले 'बालगृह' उघडले. आज आपल्याकडील सुखवस्तू घरांतील मुले बालमंदिरात ज्या दट्ट्यांशी, गुंड्यांच्या चौकटींशी आणि खरखरीत अक्षरांशी खेळतात, त्या साधनांचा उगम टाकून दिलेल्या मुलांच्या शिक्षणात आहे, हे फार थोड्या पालकांस ठाऊक असते.

शिकविल्याने फरक पडतो, हे येथवर दिसून आले. पण लवकर आरंभ केल्याने काय होते, याचा बोलका पुरावा अमेरिकेतील आयोवा प्रांतातून आला. १९३० नंतरच्या दशकात हॅरॉल्ड स्कील्स या मानसशास्त्रज्ञाने एका अनाथाश्रमातील तेरा तान्ही व लहान मुले मंदबुद्धी स्त्रियांच्या संस्थेत ठेवविली. आश्रमात मुलांस अन्नवस्त्र मिळे; परंतु कोणी उचलून घेणारे, बोलणारे, खेळविणारे नसे. संस्थेतील त्या स्त्रियांनी मात्र एकेका मुलास जीव लाविला. मुलांची बुद्धिमापनातील सरासरी सुमारे २८ अंकांनी वाढली. आश्रमातच राहिलेल्या बारा मुलांची सरासरी तितक्याच प्रमाणात, सुमारे २६ अंकांनी, घसरली. १९३९ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा तज्ज्ञांनी त्याची हेटाळणी केली. १९६६ मध्ये स्कील्स यांनी तीच माणसे प्रौढपणी शोधून काढून त्यांचा वृत्तांत दिला. पहिल्या गटातील तेराही जणे स्वतःच्या पायांवर उभी होती. दुसऱ्या गटातील कित्येकांचे आयुष्य संस्थांतच गेले होते. या प्रयोगाच्या रचनेत दोष आहेत हे खरे. तरीही त्या स्त्रियांजवळ पदवी नव्हती, ज्ञान नव्हते, होता तो वेळ आणि माया, ही गोष्ट पुसून टाकता येत नाही.

आता आपल्या प्रांताकडे वळू. माँटेसोरीबाई १९३९ साली हिंदुस्थानात आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. त्यांच्या पद्धतीचे बीज मात्र गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी त्यापूर्वीच येथे रुजविले होते. १९४५ मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने खेड्यातील व आदिवासी मुलांसाठी काम सुरू केले, आणि पुढे ते जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून त्यांची 'अंगणवाडी' निघाली. तोच शब्द पुढे १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेमुळे देशभर गेला. इकडे मुंबईत १९४४ मध्ये वकील दांपत्याने, आपली कन्या दीना हिला घेईल अशी शाळा नव्हती म्हणून, एक शाळा काढली; तीच आजची जय वकील संस्था होय. आपल्या मुलासाठी दार सापडले नाही, तेव्हा आईबापांनी ते स्वतः बांधले, असे या इतिहासात वारंवार घडलेले आहे.

परंतु मूल खरोखर मागे आहे की नाही, हे ठरवावयाचे कसे? परदेशी मुलांची मापे आपल्या मुलांस लावणे न्यायाचे नव्हते. हे काम बडोद्यास प्रमिला फाटक यांनी हाती घेतले. तेथील बाळांची कित्येक वर्षे पाहणी करून त्यांनी जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतच्या वाढीची भारतीय मोजपट्टी तयार केली. तिच्या १९९७ च्या आवृत्तीत शरीराच्या हालचालींच्या ६७ व बुद्धीच्या १६३ बाबी आहेत. पुढे ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. अंगणवाडीत व शाळेत जाऊन मुलांची तपासणी करावी आणि गरज दिसेल त्यास जिल्ह्याच्या शीघ्र उपचार केंद्राकडे पाठवावे, ही त्याची योजना. हा आरंभ पालघर येथे झाला, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. कारण बोर्डी व कोसबाड तेथून दूर नाहीत.

या दोनशे वर्षांचा निष्कर्ष घरगुती भाषेत सांगता येईल. बाळाने चौथ्या महिन्यापर्यंत मान सावरली नाही, नवव्या महिन्यापर्यंत ते आधाराशिवाय बसले नाही, दीड वर्षापर्यंत चालले नाही. वर्षाच्या सुमारास नावाने हाक मारल्यावर ते वळत नाही, पुढील काही महिन्यांत बोट दाखवून काही मागत वा दाखवीत नाही. दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडीत नाही, तर विचारावे. एकदा आलेले शब्द वा हसणे मावळू लागले, तर कोणत्याही वयात त्वरेने विचारावे. बोलणे लांबले असेल तर प्रथम कान तपासून घ्यावेत. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाचे वय, पहिली दोन वर्षे तरी, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. बालरोगतज्ज्ञ, अंगणवाडीताई, जिल्हा रुग्णालय यांपैकी जे जवळ असेल ते दार ठोठवावे. आणि 'थांबा' असे उत्तर मिळूनही मन निश्चिंत झाले नाही, तर दुसरे ठोठवावे.

विचारल्याने मुलावर शिक्का बसेल, ही भीती आम्ही जाणतो. विशेषतः दोष सुनेच्या माथी मारण्याची रीत ज्या घरांत अजून गेलेली नाही, तेथे ती भीती खोटीही नाही. म्हणूनच हा भार एकट्या आईवर टाकू नये. विचारून काही निघाले नाही, तर एक सकाळ खर्ची पडली एवढेच. काही निघाले, तर त्या मुलाची सर्वांत मोलाची वर्षे हाती लागली. सर्वच मुले सर्व काही शिकतील, असे वचन हा इतिहास देत नाही. व्हिक्टर अखेरपर्यंत बोलला नाही. पण तो बारा वर्षांचा होईतो त्याच्यासाठी कोणीच काही केलेले नव्हते. आपल्या घरातील मूल अजून दोन वर्षांचे आहे.